आखूड केलेली मराठी

फेब्रुवारी २०२० मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या, सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. पहिली आणि सहावीपासून सुरुवात, मग टप्प्याटप्प्याने पुढचे वर्ग. न शिकवणाऱ्या शाळेच्या जबाबदार माणसाला एक लाख रुपयांपर्यंत दंड. या कायद्याला माझा विरोध नाही. ज्या राज्यात मूल वाढतं तिथली भाषा त्याला यावी, यात गैर काहीच नाही. मला चीड येते ती कायदा झाल्यावर आपण सगळ्यांनी जो सुटकेचा नि:श्वास टाकला त्याची. सक्ती झाली, आता मुलं मराठी शिकणारच! काय शिकणार, कोणत्या क्रमाने, कशासाठी, आणि शिकली की नाही हे कळणार कसं, असं विचारलं की समोरचा माणूस तुमच्याकडे मराठीद्वेष्टा असल्यासारखा बघतो.

मग उत्तर येतं. अधिकाऱ्यांकडून येतं, वाचनालयाच्या विश्वस्तांकडून येतं, वर्षानुवर्षं मराठी शिकवणाऱ्या मास्तरांकडूनही येतं, आणि शब्दसुद्धा फारसे बदलत नाहीत. "वेगळा अभ्यासक्रम हवाच कशाला? मराठी ती मराठी. आपल्या मुलांची पुस्तकं आहेत, त्यातले अवघड धडे काढा, दोन कविता कमी करा, व्याकरण जरा हलकं ठेवा, झाली द्वितीय भाषा तयार. शिवाय मुलं महाराष्ट्रातच राहतात, चार शब्द कानावर पडतील, बोलायला लागतील. आपण नाही का इंग्रजी शिकलो? आणि निकाल बघा की, मराठीत नापास होतंय कोण?"

इतक्या थोड्या शब्दांत इतकी चुकीची गृहीतकं बसवणं ही खरं तर कलाच आहे.

सहा वर्षांचं मराठी पोर शाळेत पाऊल ठेवतं तेव्हा त्याला मराठी येत असते. 'घोडा' पण 'घोड्यावर', 'शाळा' पण 'शाळेत', 'पाणी' पण 'पाण्यात', हे त्याला कुणी पाटीवर लिहून दाखवलेलं नसतं. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, हे म्हणताना क्रियापद कर्त्याला सोडून कर्माशी जुळवून घेतंय, याची त्याला दादही नसते. आजीला 'अगं' म्हणायचं, गुरुजींना 'अहो', आणि 'आम्ही जातो' म्हटलं की समोरचा वगळला जातो, 'आपण जाऊ' म्हटलं की तोही आला, हेसुद्धा ते अंगणातून शिकून आलेलं असतं. पहिल्या भाषेचा अभ्यासक्रम या आयत्या भांडवलावर उभा राहतो. जी भाषा आलेली आहे तिला तो लिपी देतो, शब्द वाढवतो, प्रमाणभाषेची ओळख करून देतो, पुढे साहित्याची गोडी लावतो.

अमराठी मुलाकडे नेमकं हे भांडवलच नसतं. त्याला जे शिकायचं आहे ते आपल्या पुस्तकांत सापडत नाही, कारण ते आपल्याला कधी शिकावंच लागलेलं नाही. मग त्या पुस्तकातले धडे पंधरावरून दहावर आणले तरी त्याला काय फरक पडणार? जे नव्हतंच ते कमी केल्याने येणार कुठून? बापाचा सदरा आखूड करून पोराच्या अंगात घातला तर बाह्या मापाच्या होतील, खांदे लोंबतच राहणार. आपण गेली कित्येक वर्षं बाह्याच कापतोय.

व्याकरणाचं उदाहरण घ्या. आपल्याकडे व्याकरण म्हटलं की विभक्तीचा तक्ता आलाच: स, ला, ते, स, ला, ना, ते. आता मला 'रामाते पुस्तक दिले' असं बोलणारा एक माणूस दाखवा. रिक्षात, बँकेत, लग्नात, कुठेही. मराठी येणाऱ्या मुलाला या तक्त्याची गरज नाही आणि न येणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्या दुसऱ्या मुलाला हवं असतं सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्द आतून कसा बदलतो ते. 'रस्ता' या शब्दाला नुसता 'वर' चिकटवून चालत नाही, 'रस्त्यावर' व्हावं लागतं. 'भिंत'ला मात्र 'भिंतीवर' आणि 'झाड'ला 'झाडावर'. मराठी शिकणारा परका माणूस सर्वांत जास्त अडखळतो तो इथे. तक्ता मात्र पाठ करून घेतला जातो, कारण त्यावर प्रश्न काढणं सोपं आणि गुण देणं त्याहून सोपं.

बरं, न येणारी सगळी मुलं एकाच जागी अडतात का? हिंदीभाषक मुलाला देवनागरी येते, तरी त्याला पुन्हा 'अ अननसाचा' पासून बसवतात. त्याची खरी अडचण दुसरीच असते. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून 'ते घर' त्याच्या तोंडी 'तो घर' होतं. हिंदीत 'मैंने' आहे म्हणून तो 'मीने खाल्ला' म्हणतो. गुजराती मुलाच्या भाषेत तीन लिंगं आहेत, आम्ही आणि आपण यांतला भेदही आहे, त्यामुळे याच दोन पायऱ्या तो झपझप चढतो. तमिळ घरातल्या मुलाला 'आपण' कळतो, पण भिंत स्त्रीलिंगी का आणि दरवाजा पुल्लिंगी का, हे त्याला कुठल्याच तर्काने उमगत नाही, कारण त्याच्या भाषेत निर्जीव वस्तूंना असं बायका-पुरुषांत वाटून टाकलेलं नाही. आणि 'चार' व 'चारा' यांतले दोन वेगळे च? ते आपण लिहून दाखवतच नाही, तेव्हा पुस्तक वाचून ते कळण्याची शक्यता शून्य. म्हणजे चार भाषांसाठी चार पुस्तकं छापायची का? मुळीच नको. एकच अभ्यासक्रम ठेवा, पण शिक्षकाच्या हातात एक पुस्तिका द्या: तुमच्या वर्गात कोण बसलंय, ते कुठे अडेल, कुठे त्याला थांबवू नका. त्याला खर्च फारसा नाही. विचार करावा लागतो, आणि तोच आपल्याला महाग वाटतो.

आता 'कानावर पडून येईल' हे. हे म्हणणाऱ्याने एकदा ठाण्याच्या किंवा हिंजवडीच्या एखाद्या गृहसंकुलात संध्याकाळी खाली जाऊन उभं राहावं. वॉचमनशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, रिक्षावाल्याशी हिंदी. समोरचा मराठी नाही असा नुसता संशय आला तरी आपण मराठी माणसं आधी हिंदीत घुसतो, आणि तो बिचारा मोडकी मराठी बोलायला लागला तर 'हिंदीत बोला, चालेल' म्हणून त्याच्यावर उपकार करतो. मग मुलाच्या कानावर पडणार काय? ज्या शहरांत वातावरण मराठी शिकवत नाही तिथे वातावरणाची उणीव भरून काढणं हेच तर अभ्यासक्रमाचं काम. वर्गात रोज भरपूर, समजेल अशी, खरी बोललेली मराठी ऐकायला मिळाली पाहिजे. आठवड्याच्या तीनचार तासिकांत आपण काय ऐकवतो? धड्याचं मोठ्याने वाचन आणि त्याचा हिंदीत किंवा इंग्रजीत अर्थ.

'आपण नाही का इंग्रजी शिकलो' हे तर या सगळ्या युक्तिवादाचं लाडकं हत्यार. ते वापरणाऱ्यांची स्मरणशक्ती मात्र जरा कमजोर दिसते. मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर. त्या पाठमाला इंग्लंडातल्या मुलांच्या पुस्तकांची आखूड आवृत्ती होत्या का? त्या मराठी मुलासाठी रचलेल्या होत्या. त्याला आलेली भाषा डोळ्यांसमोर ठेवून, एक रचना पक्की झाल्यावर दुसरी, भागाभागाने चढत्या क्रमाने. त्या पद्धतीत आज शंभर दोष काढता येतील, मीही काढेन, बोलायला तर तिने कुणालाच फारसं शिकवलं नाही. पण तो दुसऱ्या भाषेचा अभ्यासक्रम होता, पहिल्या भाषेचे उरलेसुरले तुकडे नव्हते. आजोबांना इंग्रजी आली ती कुणीतरी त्यांच्या अज्ञानाचा नीट अभ्यास केला होता म्हणून. हेच अमराठी मुलासाठी करा म्हटलं की ते लाड कसे ठरतात?

आणि मराठीच्या बाबतीत हे ज्ञान आपल्याकडे नाही असंही नाही. विल्यम कॅरीने मराठीचं व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून छापलं. कुणासाठी? पुण्यातल्या शास्त्र्यांसाठी नव्हे, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकणाऱ्या कंपनीच्या कोवळ्या गोऱ्या नोकरांसाठी. त्याच्यासोबत रोजच्या व्यवहारातले संवादही जोडलेले होते. परक्या माणसाला मराठी शिकवायची तर त्याला बोलणं द्यायला हवं, हे त्या मिशनऱ्याला सव्वादोनशे वर्षांपूर्वी कळत होतं. पुढे मॅक्सिन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी १९७५ मध्ये मराठीचं संदर्भ-व्याकरण लिहिलं, तेही बाहेरून येणाऱ्याच्या डोळ्यांनी मराठीकडे बघून. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात भारतीय भाषा संस्थानाचं पश्चिम विभागीय भाषा केंद्र आहे. इतर राज्यांतले शिक्षक तिथे दहा महिने राहून मराठी शिकतात. अमराठी लोकांसाठी 'मायमराठी' हा अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाने तयार केला तो मराठी विभागातून नव्हे, जर्मन विभागातून. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. परकी भाषा शिकवण्याचं शास्त्र ज्यांच्या रोजच्या सवयीचं आहे त्यांनाच हा प्रश्न प्रश्न म्हणून दिसला. बाकीचे आपण 'गौरव' या एका शब्दावर समाधानी.

शाळांतल्या मुलांसाठी बालभारतीची 'सुलभभारती' आहे, हे मला ठाऊक आहे. तिच्यात चित्रं आहेत, संवाद आहेत, हेही मान्य. पण पुस्तक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. वर्गात उभा राहणारा शिक्षक मराठी साहित्यात पदवी घेऊन आलेला असतो, पहिल्या भाषेचं अध्यापन शिकून आलेला असतो. त्याला कुणी कधी विचारलं नाही की, समोरच्या मुलाला तुझं एक वाक्यही कळत नसेल तर पहिल्या दिवशी तू काय करशील? तो बिचारा कविता शिकवतो. त्याला तेच येतं.

आता अभ्यासक्रम आखायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे एका वेगळ्या शिकणाऱ्याच्या निमित्ताने बघू. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत केरळातून आलेल्या परिचारिका पुष्कळ. त्यांतल्या एकीला मराठी शिकवायची आहे. आपले मराठीप्रेमी काय देतील? मुळाक्षरं, बाराखडी, 'माझा आवडता ऋतू'. पण ती उभी असते त्या खाटेशेजारी तिला काय ऐकू येतं? "सिस्टर, टाके ठणकतायत." "छातीत चमक येतेय." "पोटात कालवतंय." "लघवीला जळजळ होते." "हाताला मुंग्या आल्यात." "पाठीत उसण भरली." "अंग मोडून आलंय." "घेरी आल्यासारखं वाटतंय." विदर्भातला रुग्ण असेल तर "डोकं दुखून राहिलं". हे सगळं तिला समजलं पाहिजे, आणि चूक न होता समजलं पाहिजे, कारण ठणका आणि चमक यांत डॉक्टरच्या दृष्टीने फरक आहे. पण हे शब्द तिने स्वतः बोलण्याची गरज जवळजवळ नाही. तिच्या तोंडी हवीत थोडी वाक्यं: कुठे दुखतंय, कधीपासून, कूस बदला, श्वास रोखून धरा, उद्या उपाशीपोटी राहा, घाबरू नका आजी. म्हणजे ऐकण्याची भाषा भरपूर आणि बोलण्याची बेताची. क्रियापदाच्या सगळ्या रूपांपैकी आज्ञार्थ आणि प्रश्न आधी, आदरार्थी 'तुम्ही' पहिल्या दिवसापासून, 'तू' नंतर कधीतरी. वाचन लागेल, पण खाटेवरच्या कागदापुरतं. लेखन बहुधा लागणारच नाही. कोणतं कौशल्य किती, काय आधी, काय नंतर, काय चक्क सोडून द्यायचं, हे ठरवणं म्हणजे अभ्यासक्रम आखणं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की ही तर पोटापाण्याची मराठी झाली, भाषेतली संस्कृती कुठे गेली? मला कळत नाही, दुखण्याला इतकी बारीक बारीक नावं ठेवणारी भाषा ही संस्कृती नाही तर काय आहे? की संस्कृती फक्त पाठ्यपुस्तकाच्या कवितांच्या भागात राहते? बालकवी मला प्रिय आहेत. म्हणूनच ज्याला 'हिरवा' आणि 'हिरवं' यांत फरक कळत नाही अशा पोराच्या हाती बालकवी देऊन, खाली शब्दार्थांची यादी जोडून, त्या कवितेचा सत्यानाश करू नये असं मला वाटतं. भाषा आली की ते पोर कवितेकडे येईल. न आलेल्या भाषेतली पाठ केलेली कविता त्याला आयुष्यभर मराठीची धास्ती मात्र देऊन जाते.

राहिला निकालाचा मुद्दा, आणि यावर थोडं थांबायला हवं, कारण इथेच सगळी फसवणूक बेमालूम होते. 'मराठीत नापास होतंय कोण' हा अभ्यासक्रमाच्या यशाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. प्रश्न कोणते विचारतो आपण? कोण कोणास म्हणाले. रिकाम्या जागा भरा. समानार्थी शब्द लिहा. निबंध, जो गाईडमधून पाठ करता येतो. तोंडी परीक्षा म्हणजे कविता म्हणून दाखवणं. हे सगळं मराठीचं एक वाक्यही न समजता जमू शकतं, आणि अनेकांना जमतं. म्हणजे परीक्षा मुलाची पाठांतराची क्षमता मोजते, आणि आपण ती मराठीच्या खात्यावर मांडतो. त्यातही २०२३ मध्ये इतर मंडळांच्या एका तुकडीला सवलत मिळाली की मराठीची फक्त श्रेणी द्यायची, एकूण मूल्यमापनात धरायची नाही. सक्ती होती, पण माप नव्हतं! मग शाळेने मराठीचा तास गणिताच्या सरांना दिला तर दोष कुणाचा?

दुसऱ्या भाषेचा अभ्यासक्रम कसा तपासतात याचं उदाहरण शोधायला लंडनला जावं लागत नाही. बंगळूरला एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या सरकारी शाळांत एक प्रयोग केला. इंग्रजी शिकवायची, पण व्याकरणाच्या मुद्द्यांची यादी करून नव्हे, कामांची यादी करून. रेल्वेचं वेळापत्रक बघून गाडी निवडा, नकाशावरून रस्ता सांगा, असली कामं. भाषा त्या कामाच्या ओघात यावी. मला स्वतःला हा मार्ग मराठीला जसाच्या तसा लागू पडेल असं वाटत नाही. आपल्या सामान्यरूपांचा गुंता नुसत्या ओघात सुटणं कठीण आहे, तिथे थोडं हाताला धरून शिकवावंच लागेल. पण त्या प्रयोगाची जी तपासणी झाली ती मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस या बाहेरच्या अभ्यासकांनी प्रयोगातले वर्ग आणि नेहमीच्या पद्धतीने शिकलेले वर्ग यांची तुलना केली आणि ती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. एका चाचणीवर त्यांनी भागवलं नाही. व्याकरणाच्या रचना तपासणारी एक, कामावर आधारलेली एक, शिवाय दोन्ही पक्षांना सारख्याच जवळच्या किंवा लांबच्या अशा आणखी काही. साधारण कल असा दिसला की ज्या वर्गाला जे शिकवलं त्याच्या चाचणीत तो वर्ग पुढे. म्हणजे माप कोणतं घेता त्यावर निकाल ठरतो, हे त्यांनी आधीच ओळखलं आणि म्हणून मापं अनेक ठेवली. आपल्याकडे एकच माप, तेही ज्याने शिकवलं त्यानेच बनवलेलं, त्यानेच लावलेलं, आणि मग त्यानेच जाहीर करायचं की कापड पुरेसं आहे.

मराठीपुरतं विचारायचं तर प्रश्न अगदी साधे आहेत. सहावीपासून चार-पाच वर्षं मराठी शिकलेल्या मुलाला सोसायटीच्या फलकावरची 'उद्या पाणी येणार नाही' ही सूचना वाचून घरी नीट सांगता येते का? एसटीच्या कंडक्टरला तिकीट मागता येतं का, आणि तो जे उलट विचारेल ते कळतं का? हरवलेल्या म्हाताऱ्या बाईला पत्ता सांगता येतो का? शेजारच्या मराठी मुलाने केलेल्या विनोदावर त्याला हसू येतं का, निदान उशिराने? हे तपासायला दहा-पंधरा मिनिटांचं बोलणं पुरतं. शाळा सुटल्यावर वर्षभराने त्याच मुलांना पुन्हा तपासा, म्हणजे काय उरलं तेही कळेल. यांतलं काहीही राज्यभर एका फटक्यात करायची गरज नाही, काही शाळांत करून बघता येईल. पण ते करायला कुणी पुढे येत नाही, कारण उत्तर काय येईल याचा सगळ्यांना अंदाज आहे. आणि उत्तर आलं की दोष मुलांचा आणि त्यांच्या आईबापांच्या उर्मटपणाचा आहे, हे म्हणणं अवघड होईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ढोल वाजले, वाजायलाच हवे होते. त्या आनंदात एक कागद मागावासा वाटतो. फार मोठा नाही, दर इयत्तेला एक पान: हे वर्ष संपल्यावर नवख्या मुलाला मराठीत काय ऐकून कळेल, काय बोलता येईल, काय वाचता येईल, आणि आम्ही ते कसं तपासू. पहिलीसाठी एक, सहावीसाठी एक, अशी दहा पानं. ती भरल्याशिवाय ना पुस्तक निवडा, ना प्रश्नपत्रिका काढा, ना शिक्षकाला वर्गात ढकला. मराठी न शिकवणाऱ्या शाळेच्या जबाबदार माणसाला कायद्याने एक लाखापर्यंत दंड ठेवलाय. ही पानं कोरी ठेवून वरून सक्ती करणाऱ्यांना किती?